गाळलेल्या ओळी

कवळीकाकांनी आयुष्यभर लोकांच्या हसण्याचं सामान बनवलं, पण त्यांना स्वतःला हसताना पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. म्हणजे ते खडूस होते असं नाही. धंदाच तसा. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हातात घेऊन बसणाऱ्याला आपला जबडा हलवायला सवड कुठली?

दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन काकांकडे पाठवायचे आणि काका त्यावरून कवळी बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांची लॅब होती. खिडकीपाशी लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि दातांच्या रंगांची एक पट्टी. त्या पट्टीवर पांढऱ्याच्या इतक्या छटा होत्या की पांढरा नावाचा काही रंग असतो यावरचा विश्वासच उडावा. प्लास्टरची भुकटी सगळीकडे. कपबशीवर, रेडिओवर, भिंतीवरच्या काकूंच्या फोटोवर. काकू होत्या तोवर त्या ओलं फडकं घेऊन मागे मागे पुसत फिरायच्या आणि पुसता पुसता नवऱ्याचा उद्धार करायच्या. त्या गेल्यापासून काका रोज तेवढा फोटो पुसायचे. बाकीच्या घराला त्यांनी भुकटीच्या हवाली केलं होतं.

काकांची एक रीत होती, आणि तिच्यापायी डॉक्टर मंडळी मेटाकुटीला आलेली असायची. मापासोबत त्यांना त्या माणसाचा हसतानाचा जुना फोटो लागायचा, दात शाबूत असतानाचा. फोटो आला नाही तर काम पडून राहायचं.

"अहो काका, त्यांना फक्त जेवायचंय," डॉक्टर फोनवर कळवळून सांगायचे.

"जेवायला कसलीही कवळी चालते," काका म्हणायचे. "हसायला नाही चालत. नातवंडं ओळखत नाहीत मग."

फोटोवरून ते पुढचा एखादा दात किंचित तिरका बसवायचे, कुठे बारीकशी फट ठेवायचे. असे फोटो बघून बघून त्यांची नजर तयार झाली होती. साहेबासमोरचं हसू, लग्नाच्या फोटोतलं दमलेलं हसू, विनोद न कळता दिलेलं हसू, सगळं त्यांना ओठांच्या कोपऱ्यांवरून कळायचं. माणूस बोलायला लागला की काका त्याच्या डोळ्यांत बघायचेच नाहीत, थेट तोंडात बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या दातांत काहीतरी अडकलंय.

तयार कवळ्या बाहेरगावी पाठवायला काका पार्सलच्या ऑफिसात जायचे. तिथे काउंटरमागे ज्या बसायच्या त्यांना सगळे पार्सलबाई म्हणायचे. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, दोन खोल्यांच्या घरात एकट्या. बाईंना सगळं वाचून बघायची सवय. पार्सलवरचा पत्ता त्या मोठ्यानं वाचायच्या, मग पुन्हा एकदा, आणि मगच शिक्का मारायच्या. एकदा वाचलेल्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

"आज किती जणांचे दात?" त्या विचारायच्या.

"दोघांचे."

"हसणारी माणसं आहेत का?"

"एक आहे. दुसरे वकील आहेत."

एवढंच बोलणं. पण लहानथोर सगळे ज्यांना काका म्हणायचे, त्यांना बाईंनी आजवर एकदाही काका म्हटलं नव्हतं. "अहो, दोरी सैल बांधलीय," म्हणायच्या. "अहो, पावती राहिली." त्या एका 'अहो'वर काकांनी मनातल्या मनात बरेच मजले चढवले होते.

मजले फार झाले तेव्हा बाईंना लग्नाचं विचारावं का, याचे त्यांनी सल्ले घ्यायला सुरुवात केली. जवळच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, हरकत नाही. केस कापणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कल्ले जरा कमी करू. शेवटी लेकीला विचारलं. लेक त्याच गावात राहायची, एकुलती एक, शब्दाला वजन असलेली. ती कपडे घड्या घालत होती. हातातला टॉवेल पुरा घडी करून तिनं ठेवला आणि म्हणाली, "बाबा, लोक हसतील."

रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. हे तिनं काळजीनं म्हटलं होतं, आणि काळजीपुढे काका लहानपणापासून हतबल.

मध्ये काही दिवस गेले. मग गावातल्या सिनेमा थेटराचे मॅनेजर, काकांनीच बसवलेल्या दातांनी हसत, लॅबमध्ये आले आणि दोन पास टेबलावर ठेवून गेले. रविवारी दुपारी एक खास खेळ होता. इटलीतला जुना ऑपेरा, म्हणजे सगळं गाऊनच बोलायचं असं नाटक. नाटकगृहात चालू असताना कॅमेऱ्यांनी टिपलेलं, खाली आपल्या भाषेत ओळी.

"गोष्ट काय आहे?" काकांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी लावतो फक्त. पण विनोदी आहे. लोक लोळतात म्हणे हसून."

विनोदी म्हटल्यावर काकांनी पुढची चौकशी केली नाही. त्यांना वाटलं, हसरं काहीतरी बघून बाहेर पडावं, माणसाचं मन मोकळं असतं, तेव्हा विषय काढावा. बेत चांगला होता. फक्त तो कशाविषयी विनोदी आहे हे विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर पार्सल ठेवून ते म्हणाले, "रविवारी काय करता?"

"कपडे धुते."

"ते झाल्यावर?"

"वाळत घालते."

काकांनी पास पुढे सरकवला. बाईंनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. मग उलटा करून मागची बाजू वाचली, तिथे सायकलच्या दुकानाची जाहिरात होती.

"कपडे सकाळी धुईन," त्या म्हणाल्या.

रविवारी लेकीनंच काकांना गाडीतून थेटरापाशी सोडलं. नवा शर्ट, कमी केलेले कल्ले, सगळं तिनं पाहिलं. "ओळखीचं कुणीतरी आहे सोबत," काका म्हणाले. "कुठल्या ओळखीचं ते कळलंय मला," लेक म्हणाली. "सुटायच्या वेळी घ्यायला येते."

दिवे गेले. पडद्यावर आधी नुसते वाजवणारे दिसले. काळ्या कपड्यांतली माणसं इतक्या लगबगीनं वाजवत होती की जणू मागे कुणीतरी दार लावून घेणार आहे. कॅमेरा एकेकावर जायचा. एक तुतारीवाला आपली पाळी यायची वाट बघत गाल चोळत होता. मग पडदा वर गेला, आणि गाणारे आले, आणि काकांना घबाड सापडलं.

पडद्यावर तोंडं दारांएवढी होती. आजवर त्यांनी इतक्या आतपर्यंत तोंडं पाहिली ती प्लास्टरची, मुकी. इथे ती उघडत होती, गोल होत होती, जीभ खाली दबून घसा मोकळा होत होता आणि त्यातून असा आवाज निघत होता की खुर्चीच्या हाताला कंप सुटावा. नायिकेची टाळू उंच कमानीसारखी होती. प्रियकराची वरची एक दाढ भरलेली होती आणि ज्यानं भरली त्यानं घाई केली होती. एक म्हातारा होता, पांढरा टोप, रंगवलेल्या सुरकुत्या.

"हा म्हातारा नाही," काका कुजबुजले. "दात चाळिशीच्या आतले आहेत."

"ते असू दे. तो बोलला काय, कळलं का?"

काकांनी खालची एकही ओळ वाचली नव्हती. तोंडं बघायची की ओळी वाचायच्या, दोन्ही होईना. बाईंना मात्र अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवायचं नाही. मग त्यांनीच हळू आवाजात वाचून दाखवायला घेतलं. वाचायची पद्धत काउंटरवरचीच. पडद्यावर नायिका छातीवर हात ठेवून गगनाला भिडायची, आणि काकांच्या कानाशी सपाट आवाज यायचा, "माझ्या जिवाच्या जिवा, खिडकीखाली उभा राहा." पुढे शिक्का मारतात की काय असं वाटायचं.

काकांना हे फार आवडलं. इतकं आवडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. म्हातारा भराभर गाऊ लागला की शब्द शिवणयंत्राच्या सुईसारखे पडायचे आणि एकही टाका चुकायचा नाही. एका ठिकाणी चौघं एकदम गायला लागले. चौघांचं म्हणणं वेगळं, प्रत्येकजण आपलंच तुणतुणं वाजवतोय, आणि तरी सगळं मिळून एक होत होतं. काकांच्या मनात आलं, आमच्या घरी दोघं एकदम बोलली तरी तिसऱ्याला उठून जावं लागायचं.

आणि हळूहळू गोष्ट कळायला लागली. हा म्हातारा एकटा आहे. त्याला लग्न करायचंय. मनात भरलीय ती त्याच्या निम्म्या वयाची, आणि ती, तिचा प्रियकर आणि घरातला चलाख नोकर मिळून त्याला फसवणार आहेत. म्हाताऱ्यानं नवा टोप मागवला. काकांनी नकळत कल्ल्यावरून हात फिरवला. म्हातारा आरशासमोर गुडघ्यावर बसून मागणी घालायचा सराव करू लागला, आणि त्याला उठताच येईना. त्यानं खुर्ची धरली, खुर्ची सरकली. टेबल धरलं, टेबलावरचं कापड आलं. सगळं थेटर खदाखदा हसलं.

काका ताठ बसले होते.

यानंतर नोकर म्हाताऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी गायला आणि पुन्हा हशा उसळला. कानाशी मात्र काहीच आलं नाही.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"काही नाही. उकडतंय म्हणाला."

थोड्या वेळानं पुन्हा तसंच. हशा, आणि बाई गप्प. काकांनी मान वळवून पाहिलं. पडद्याच्या उजेडात बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. विनोद न कळलेल्या माणसाचे ओठ असे नसतात, हे काकांना माहीत होतं. पुढच्या वेळी नोकरानं तोंड उघडलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा काकांनी तोंडावरची नजर काढली आणि खालची ओळ स्वतः वाचली. "तोंडात दात नाही, आणि म्हणे नवरी हवी."

ओळ त्यांना लागली नाही. दातांविषयी याहून वाईट त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. पण बाईंनी ती गाळली होती. ज्या बाई सायकलच्या दुकानाची जाहिरातही सोडत नाहीत त्यांनी नेमक्या या ओळी गाळल्या. म्हणजे बाईंना सगळं ठाऊक होतं. आता प्रश्न एवढाच की त्यांना आपली कीव आलीय की आणखी काही. ते ओठांवरून कळेना.

मध्यंतरात दोघं बाहेर आले. जिन्याखालच्या कोपऱ्यात उंच टेबलं होती, तिथे चहाचे कागदी पेले ठेवून उभे राहिले. लोक येता-जाता म्हाताऱ्याची नक्कल करत होते.

"तुम्ही ओळी गाळत होता," काका म्हणाले.

"सगळ्या वाचायच्या असं ठरलं होतं का?"

"लोक हसले तिथल्याच नेमक्या गाळल्या."

बाईंनी पेला फिरवला. "त्या तुमच्यासाठी नव्हत्या."

"माझ्यासाठी नव्हत्या तर गाळल्या कशाला?"

आपणच दोरी सैल बांधली हे बाईंच्या लक्षात आलं.

"कधीपासून माहीत आहे?" काकांनी विचारलं.

"तुमचे डॉक्टर आले होते पार्सल न्यायला. म्हणाले, मग काय ठरलं तुमचं? मी म्हटलं, कशाचं? बिचारे गोरेमोरे झाले, पार्सल विसरून गेले. मग केस कापणारा माझ्या भावाला म्हणाला, अभिनंदन. भावाला वाटलं बढती मिळाली." बाईंनी चहाचा घोट घेतला. "थेटराच्या मॅनेजरांनासुद्धा ठाऊक आहे. मघाशी दारात बघून हसले नाहीत का ते? सगळ्यांना ठाऊक आहे. मला तेवढं कुणी सांगितलं नाही."

"सांगणारच होतो."

"मी वाट बघत होते. रोज वाटायचं, आज पार्सल देताना बोलतील. तुम्ही वजन विचारायचात आणि निघून जायचात."

काका पेल्यात बघत राहिले. आत तो म्हातारा टोपवाल्याकडे गेला होता, शिंप्याकडे गेला होता, करारनामा लिहिणाऱ्याला घरी बोलावून बसला होता. एका अंकात त्यानं अख्खं गाव पालथं घातलं, फक्त त्या मुलीसमोर जाऊन एकदा सरळ विचारलं नव्हतं. सरावासाठी आरसा निवडला होता. काकांना वाटलं, आपणही गेले कित्येक दिवस आरशासमोरच गुडघे टेकून बसलोय.

"लेक म्हणाली, लोक हसतील," ते म्हणाले.

"मग? आत्ता हसलेच की. कसं वाटलं?"

काकांनी विचार केला. फोटो हातात घेऊन करायचे तसाच, घाई न करता.

"वाईट हसू नव्हतं ते," शेवटी ते म्हणाले. "आपल्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते. तो पडद्यावरचा म्हातारा उठायला धडपडत होता तेव्हा सगळ्यांत जास्त तेच हसत होते. आणि हसता हसता स्वतःचा गुडघा चोळत होते."

"मी त्यांच्याकडे बघितलं नाही."

"तुम्ही वाचत होता."

आत जायची घंटा झाली. लोक पेले टाकून जिन्याकडे वळले. काका हलले नाहीत. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग ते चुकीचं वाटून डोळ्यांकडे पाहिलं. सवय नसल्यामुळे त्यांना ते जड गेलं.

"माझ्याशी लग्न कराल का?" त्यांनी विचारलं.

"करीन," बाई म्हणाल्या. "उत्तर केव्हाचं तयार होतं. प्रश्नच रेंगाळला." मग पेला टेबलावर नीट ठेवून म्हणाल्या, "पण तुमच्या घरी नांदायला येणार नाही. तो तुमच्या पहिल्या बायकोचा संसार आहे, आणि शिवाय ते प्लास्टर. माझ्या दोन खोल्या मी एकटीनं जमवल्यात, त्या सोडायच्या नाहीत. नोकरीही नाही सोडायची. तुम्ही सकाळी लॅबला जा, संध्याकाळी माझ्याकडे या."

"म्हणजे या वयात मी घरजावई?"

"जावई व्हायला सासरा लागतो. तो आता नाही. तुम्ही नुसते घरातले व्हा."

दुसरी घंटा झाली.

उरलेल्या खेळात बाईंनी एकही ओळ गाळली नाही. जी सगळ्यांत झोंबरी, ती तर त्यांनी दोनदा वाचली. म्हातारा कपाटात लपला आणि टोप उलटा होऊन बाहेर आला तेव्हा अंधारात एक अनोळखी आवाज झाला, जुनं दार पहिल्यांदा उघडावं तसा. बाईंनी वळून पाहिलं. कवळीकाका हसत होते. ते हसू कुठल्या प्रकारातलं हे काकांना स्वतःला दिसणं शक्य नव्हतं. बाईंनी पाहिलं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

मग म्हातारा फसला. सगळं उघड झालं, वाद्यं थांबली, आणि मघापासून भराभर बोलणारा तो माणूस खुर्चीत बसून एकच ओळ संथ, खालच्या आवाजात गायला. बाईंनी वाचलं, "मी घरात दोन ताटं मांडली होती." थेटर गप्प झालं. कॅमेरा इतका जवळ होता की सुरकुत्यांच्या रंगाच्या रेघा वेगवेगळ्या दिसत होत्या. पण दात बघायचं काकांच्या लक्षातच राहिलं नाही. लगेच पुन्हा धमाल सुरू झाली, म्हाताऱ्यानं सगळ्यांना माफ केलं, जोडप्यांनी त्याच्याभोवती फेर धरला आणि तो मध्ये उभा राहून टाळ्या वाजवू लागला. लोकांनीही वाजवल्या. काकांनी वाजवल्या, पण त्यांच्या मनातून ती दोन ताटं जाईनात. पडदा पडल्यावर यातलं एक ताट कोण उचलून ठेवणार? कुणीतरी आधीच हात धरून सांगायला हवं होतं, बाबा रे, सल्ले पुरे, तिला विचार. ती नाही म्हणाली असती. मग एकाच ताटावर बसून, जेवून, झोपला असता. त्याला फसवायला इतकी माणसं लागली नसती.

बाहेर ऊन उतरलं होतं. लेक गाडीत बसून होती. दोघांना बरोबर येताना पाहून तिनं मागच्या सीटवरची छत्री आणि पिशव्या एका बाजूला केल्या. काका पुढे बसले, बाई मागे.

"काय एवढं होतं आत?" लेकीनं विचारलं. "रस्त्यापर्यंत हसण्याचा आवाज येत होता."

"एक म्हातारा लग्न करायला निघाला होता," काका म्हणाले.

लेकीचा हात किल्लीवर थांबला. तिनं समोरच्या काचेकडे पाहिलं. "मग?"

"मग काय. त्यानं सगळ्यांना विचारलं, तिला सोडून. मीही तेच करून बसलो होतो. तुला विचारलं ते चुकलं असं नाही, पण आधी विचारलं ते चुकलं. आज तिथे मध्यंतरात यांना विचारून टाकलं."

लेकीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काकांना तो हवा होता तरी नव्हता. ती स्टिअरिंगवर बोटं ठेवून बसली, आणि काका पहिल्यांदाच तिचं तोंड वाचायला धजले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले.

मग लेकीनं आरसा जरा हलवला. मागच्या सीटवरचा माणूस नीट दिसावा इतका.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" तिनं बाईंना विचारलं.

"मी म्हटलं, राहायला माझ्याकडे या."

"तुमच्याकडे?"

"हो. दोनच खोल्या आहेत, पण ऊन येतं."

लेकीनं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, तरी तिनं ती पुढे घेतली नाही.

"बाबा घोरतात," ती म्हणाली. "हे सांगितलंय का त्यांनी?"

"नाही, हे नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

"मग सांगा की, बाबा," लेक म्हणाली, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याला वाट देऊन तिनं गाडी बाईंच्या घराच्या दिशेनं वळवली.